रायझन ५६०० आणि आरएक्स ६६००: बेताच्या पैशातला गेमिंग पीसी आणि त्यासोबतचं टिकाऊ सामान

ऑनलाइन ‘गेमिंग पीसी’ शोधलं की एक जात हमखास दिसते. काचेचं कॅबिनेट, रंग बदलणारे चार पंखे, ‘कोअर आय ५, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स’ आणि किंमत वीस हजारांच्या आतबाहेर. मुलानं हट्ट धरलेला असतो, घरच्यांनी पैसे बाजूला ठेवलेले असतात, आणि खोकं घरी येतं. बारीक अक्षरं वाचली तर तो आय ५ तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ सालचा निघतो. मदरबोर्ड एच६१ चा आणि ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०, दोन्ही तशीच जुनाट. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम चालवायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डातल्या दोन सुरक्षा-सोयी) लागतं, तेही या जुन्या बोर्डांवर नसतं. म्हणजे पोरगं ज्या गेमसाठी हटून बसलंय, तोच विंडोज ११ वर उघडणार नाही. असल्या खोक्याला दिलेले वीस हजार पाण्यात जातात, त्यापेक्षा चार महिने थांबलेलं बरं.

थांबून जी जोडणी घ्यावी, ती ही: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० किंवा बी४५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, एनव्हीएमई एसएसडी, आरएक्स ६६०० कार्ड, ५५० वॅटचा खरा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि जाळीदार तोंडाचं कॅबिनेट. प्रोसेसर एप्रिल २०२२ चा आणि कार्ड ऑक्टोबर २०२१ चं, म्हणजे यात नवलाईचं काहीच नाही. पण १०८०पी (फुल एचडी) मॉनिटरवर बहुतेक गेम मध्यम ते हाय सेटिंगवर सुरळीत खेळायला आजही एवढं पुरतं, आणि दोन्ही भाग सीलबंद, वॉरंटीसह मिळतायत तोवर याच पैशात सेकंडहँड बाजारात हात घालण्याचं कारण नाही.

प्रोसेसरपासून बघू. ५६०० मध्ये ६ कोअर, १२ थ्रेड आणि ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे. नावानं जवळचे दोन भाऊ दुकानात पुढे केले जातात, ५५०० आणि ५६००जी. दोघांतही कॅश निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआयई (कार्डाकडे जाणारा डेटाचा रस्ता) ४.० ऐवजी ३.०. वेगळं कार्ड लावायचंच असेल तर गेममध्ये ५६०० सरळ पुढे राहतो. ५६००जी घ्यावा तो एकाच कारणासाठी. त्याच्या आत ग्राफिक्स असतं, त्यामुळे आज कार्डाचे पैसे नसले तरी काम सुरू करता येतं. ५६०० मध्ये ते नाही, कार्डाशिवाय पडद्यावर काहीही येणार नाही.

‘ट्रे पीस’ म्हणून स्वस्तात मिळतो तो प्रोसेसर बिनखोक्याचा असतो. त्यासोबत कूलर येत नाही आणि वॉरंटी दुकानदार जी देईल ती. खोक्यातल्या पीसला एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी आणि रेथ स्टेल्थ कूलर मिळतो, जो या ६५ वॅटच्या प्रोसेसरला पुरतो. ट्रे पीसमध्ये वाचलेले पैसे वेगळ्या कूलरमध्ये जातात आणि वॉरंटी हातची जाते, त्यामुळे हिशोब जमत नाही.

बोर्ड बी५५० मिळाला तर उत्तम. बी४५० घेताना एक प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका: बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) रायझन ५००० मालिकेसाठी अपडेट केलाय का? जुन्या साठ्यातला बोर्ड असेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा काळाच, आणि माणूस दोन दिवस रॅम काढघाल करत बसतो. दुकानातच अपडेट करून घ्यावा, किंवा मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड निवडावा. तो नुसत्या पेनड्राइव्हवरून अपडेट होतो. आरएक्स ६६०० पीसीआयईच्या आठच लेन, म्हणजे रस्त्याच्या पट्ट्या, वापरतं, त्यामुळे बी४५० च्या पीसीआयई ३.० वर थोडं मागे पडतं, पण फरक काही टक्क्यांचा, खेळताना जाणवत नाही.

आता कार्ड. आरएक्स ६६०० मध्ये ८ जीबी मेमरी आहे, वीज १३२ वॅट आणि एकच ८ पिनची केबल लागते. याच्या खाली आरएक्स ६५०० एक्सटी आहे, ते टाळावं. ४ जीबी मेमरी, फक्त चार लेन (३.० बोर्डावर दम सुटतो) आणि व्हिडिओ एन्कोडर नाहीच, म्हणजे गेम रेकॉर्ड करायचा तर सगळा भार प्रोसेसरवर. सेकंडहँडमध्ये सर्वांत जास्त फिरतं ते आरएक्स ५८०. त्यातही ‘२०४८एसपी’ ही वेगळी, कापलेली आवृत्ती आहे, तिच्यात २०४८ शेडर (चित्र रंगवणारे छोटे गणक), तर मूळ ५८० मध्ये २३०४ असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद पडल्यावर अशी कार्डं ढिगानं बाजारात आली, धुऊन-पुसून, नवा पंखा लावून. जीटीएक्स १०५० टीआय आणि १०६० यांना एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ नंतर गेमसाठीचे नवे ड्रायव्हर देणं थांबवलं आहे, आता फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील. शिवाय काही नवे गेम रे ट्रेसिंगचं (प्रकाश आणि सावल्यांचा हिशोब करणारं) हार्डवेअर असल्याशिवाय सुरूच होत नाहीत. ‘डूम: द डार्क एजेस’ त्यातलाच, आणि त्याच्या किमान यादीत आरएक्स ६६०० आहे. ५८० किंवा १०६० तिथे दारातच अडतं.

६६०० ची उणी बाजूही आहे. रे ट्रेसिंग चालू केलं की वेग कोसळतो, ते बंदच ठेवावं. आणि २०२५ च्या शेवटी एएमडीनं आरएक्स ५००० आणि ६००० मालिकांच्या कार्डांचे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत टाकले. नव्या गेमसाठीचं काम चालू राहील असं कंपनीनं नंतर सांगितलं, पण यापुढच्या सुविधा आधी नव्या कार्डांना मिळणार हे उघड आहे. तीन-चार वर्षं १०८०पी वर खेळायचंय त्यानं निर्धास्त घ्यावं, १४४०पी डोक्यात असेल त्यानं वरचं बघावं.

ज्या भागावर लोक हात आखडता घेतात, तो एसएमपीएस. खरं तर अख्ख्या मशीनचा जीव त्याच्या हातात असतो. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणारा ४५० वॅटचा डबा हातात घ्या, त्याच्या बाजूचं लेबल वाचा. +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत? १६ असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात, बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टचा फुगवटा असतो. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास दिसतं. ही जोडणी गेम चालू असताना साधारण २५० वॅटच्या घरात राहते, म्हणजे एसएमपीएस निम्म्या भारावर, गार आणि शांत.

आणखी खुणा: मागे ११५/२३० चं लाल बटण असेल तर डिझाइन जुनं समजा (आणि ते बटण चुकूनही ११५ वर सरकवू नका, आपल्या २३० व्होल्टवर क्षणात धडाम होईल). कार्डासाठी ६+२ पिनची आणि प्रोसेसरसाठी ४+४ पिनची केबल मूळचीच हवी. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या केबलवरून) कार्डाला वीज देणारा जोड दुकानदार खोक्यातून काढू लागला तर तिथेच थांबा. त्या जोडाच्या बारीक पिना तापतात, प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग काळं. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ हा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. टिकाऊपणाची खूण म्हणून वॉरंटी बघा, पाच वर्षं किंवा जास्त देणाऱ्याला आपल्या मालावर भरवसा असतो.

त्यानंतर घरातलं अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात, हेडफोनमध्ये घरघर ऐकू येते, तेव्हा बहुतेक वेळा दोष पीसीचा नसून भिंतीतल्या तिसऱ्या भोकाचा असतो. एसएमपीएसच्या फिल्टरमधली गळती अर्थिंगमधून जायला हवी, वाट नसली की ती पत्र्यावर बसते. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावायला सांगा: फेज ते अर्थिंग २३० च्या जवळपास आणि न्यूट्रल ते अर्थिंग दोन-तीन व्होल्टांच्या आत दिसलं पाहिजे. जुन्या चाळींत आणि गावाकडच्या घरांत ही तपासणी पीसी आणायच्या आधी करावी. यूपीएस घेताना व्हीएच्या आकड्यावर जाऊ नका, वॅट बघा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, पीसी आणि मॉनिटर मिळून काठावर येतं. १००० व्हीए घेतला तर गेम सेव्ह करून बंद करण्याइतका निवांत वेळ मिळतो.

रॅमचं दुखणं सध्या भावाचं आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की रॅम आणि एसएसडी दोन्ही भडकल्या, आणि डिसेंबरमध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे इथे रुपयांत यादी देण्यात अर्थ नाही, आजचं कोटेशन पुढच्या आठवड्यात खोटं पडतं. वाटे मात्र सांगता येतात. मॉनिटर सोडून खर्चाचा तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त कार्डावर, तेवढाच प्रोसेसर आणि बोर्ड मिळून, दहावा हिस्सा एसएमपीएसवर, उरलेल्यात रॅम, एसएसडी आणि कॅबिनेट. रॅमचे पैसे कमी पडत असतील तर एसएसडी ५०० जीबीची घ्या, ती पुढे वाढवता येते. पण १६ जीबीची एकच कांडी घेऊन काम भागवू नका. दोन कांड्या लावल्या की प्रोसेसरला मेमरीकडून दुप्पट रुंदीचा रस्ता मिळतो, आणि गेम अधूनमधून अडखळतो ते बऱ्याच अंशी थांबतं.

कॅबिनेट निवडताना आपलं हवामान धरून चाला. पुढे अखंड काच असलेलं कॅबिनेट अकोला-नागपूरच्या मे महिन्यात भट्टी होतं. खोली ४० अंशांवर गेली की आतला प्रत्येक आकडा त्याच मापानं वर सरकतो. पुढे जाळी, आत ओढणारे दोन पंखे, मागे बाहेर फेकणारा एक, एवढं पुरे. डेझर्ट कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नये, ओल आणि तुषार दोन्ही आत जातात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवणं वाईट. दिवसाआड अर्धा तास चालू ठेवलं तरी आतली ओल उडते. धुळीची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून धुवा.

जोडणी स्वतः करायची तर घाई नको. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून आधी प्रोसेसर बसवा: कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाला जुळवा, सॉकेटच्या कडेचा दांडा उभा करा, प्रोसेसर आपल्या वजनानं खाली बसला पाहिजे. बोटानं दाबावं लागतंय म्हणजे दिशा चुकली. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, एक वाकली की रडकुंडीला आणते. रेथ स्टेल्थ लावताना बोर्डावरचे प्लॅस्टिकचे दोन कंस काढावे लागतात. ते सोडवताच मागची लोखंडी पट्टी खाली पडते, म्हणून ती हातानं धरून ठेवा. कूलरला पेस्ट आधीच लावलेली असते, वर आणखी लावू नका. चारही स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीनं, दोन-दोन फेरे करत आवळा. पुढे कधी हा कूलर काढायचा झाला तर दहा मिनिटं मशीन चालवून गरम करा, बंद करा, आणि कूलर डावी-उजवीकडे पिळत सोडवा. सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो.

चार खाचांच्या बोर्डावर रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. कॅबिनेटमधले पितळी ठोकळे बोर्डाच्या भोकांइतकेच आणि त्याच जागी हवेत, एखादा जास्तीचा राहिला तर मागून शॉर्ट होतो. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. ‘डिस्प्ले येत नाही’ या तक्रारींतला मोठा वाटा एवढ्याचाच असतो. पहिल्यांदा चालू केल्यावर रॅम ओळखायला मिनिटभर पडदा काळा राहू शकतो, लगेच बटण दाबून बंद करू नका. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा डीओसीपी चालू करा. ते न केल्यानं ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रखडत चालणारे पीसी घरोघरी आहेत. तसंच १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच राहतो, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो हातानं बदलावा लागतो.

सामानात सर्वांत आधी मरतो तो माउस, आणि मरतो तो डाव्या बटणानं. बटणाखाली तांब्याची पातळ कमान असते. ती लाखो वेळा वाकून सैल होते आणि टोकावर गंज धरतो. माउसमधला प्रवाह इतका कमी असतो की तो गंज जळून जात नाही. मग कमान टेकताना थरथरते आणि माउस एका दाबाला दोन क्लिक मोजतो. ओळखायचं कसं? फोल्डरवर एकदाच क्लिक केलं आणि उघडलं, किंवा फाइल ओढताना मधेच सुटली, की समजावं. यावर दोन उपाय आहेत. एक, ऑप्टिकल स्विचचा माउस. त्यात धातू धातूला टेकतच नाही, प्रकाशाची तिरीप अडते, त्यामुळे हा रोगच नाही. रेझर कोब्राची वायरवाली आवृत्ती तशी आहे, वजन ५८ ग्रॅम. दोन, लॉजिटेक जी१०२ सारखा साधा, स्वस्त माउस घ्यावा आणि स्विच बदलून वापरावा. मोबाइल दुरुस्त करणारा कुठलाही हुशार कारागीर तीन पाय सोडवून नवा स्विच लावून देतो. खोक्यावरच्या डीपीआयच्या (माउस किती संवेदनशील त्याच्या) आकड्याला भुलू नका. बहुतेक जण ८०० ते १६०० वर खेळतात, जी१०२ चे ८००० सुद्धा कुणाला लागत नाहीत.

कीबोर्डमध्ये ‘मेकॅनिकल फील’ ही शब्दरचना दिसली की तो रबराच्या पडद्याचा असतो. एक कळ उपटून बघितली की खाली स्विच आहे की रबर, लगेच दिसतं. हॉट-स्वॅपचा, म्हणजे सोल्डरिंगशिवाय स्विच बदलता येणारा घ्यावा. चहा सांडला, एखादी कळ चिकटली, तर तेवढा एक स्विच चिमट्यानं काढून दुसरा बसवता येतो. दोन गोष्टी आधी विचाराव्यात: काही स्वस्त कीबोर्डांची भोकं आउटेमू कंपनीच्या बारीक पिनांचीच असतात, दुसऱ्या कंपनीचे स्विच त्यात जात नाहीत. आणि पाच पिनांचा स्विच तीन भोकांच्या कीबोर्डात बसवायचा तर प्लॅस्टिकचे दोन जास्तीचे पाय नेलकटरनं छाटावे लागतात. कळा पीबीटी प्लॅस्टिकच्या असल्या तर वर्षानुवर्षं खरखरीत राहतात, एबीएसच्या सहा महिन्यांत तेलकट चमकू लागतात.

हेडसेटचं आयुष्य गाद्यांवर ठरतं. कृत्रिम चामड्याच्या गाद्या आपल्या दमट हवेत सोलतात आणि काळे पापुद्रे कानाला चिकटतात, तेव्हा कापडी गादीचा किंवा गादी बदलता येणारा घ्या. हायपरएक्स क्लाउड २ ला ॲल्युमिनियमची चौकट आणि काढता येणारा माइक आहे, त्यामुळे पैसे जास्त गेले तरी पुरवठ्याला येतो. ‘७.१’ सराउंड आवाज हे बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअरचं काम असतं, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नयेत. कंट्रोलर घेताना एकच शब्द शोधा, हॉल इफेक्ट. अंगठ्यानं फिरवायच्या साध्या काड्यांमधली कार्बनची पट्टी घासून झिजते आणि खेळाडू आपोआप एका बाजूला चालू लागतो. हॉल इफेक्टमध्ये चुंबक असतो, घासणं नाही. गेमसर नोव्हा लाइटमध्ये बेताच्या किमतीतही अशा काड्या मिळतात.

मुंबईत घ्यायचं तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. तीन दुकानांतून एकाच दिवशी, मॉडेल क्रमांकासह लेखी कोटेशन घ्या. ‘१६ जीबी रॅम, ५५० वॅट एसएमपीएस’ एवढंच लिहिलेल्या कागदावर काहीही खपवता येतं. भाव जीएसटीसह आहे का ते आधीच विचारा. १८ टक्के नंतर चढले की स्वस्त वाटलेलं दुकान महाग निघतं. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ याला होकार देऊ नका. तीन वर्षांची वॉरंटी त्या कागदावर चालते.

पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल क्रमांक लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्या, मग प्रत्यक्ष कार्डावरच्या क्रमांकाशी काउंटरवरच पडताळा. कार्डाच्या मागच्या पट्टीवरचा तो छोटा कागदी स्टिकर उष्णतेनं दोन वर्षांत पुसट होतो, आणि स्टिकर वाचता येत नाही म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. मोबाइलवर त्याचा स्पष्ट फोटो काढा, स्टिकरवर पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि खोकी माळ्यावर जपून ठेवा. बदलून मिळायची मुदत काही दिवसांचीच असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) चालवा, एक जड गेम सलग तीन तास खेळा, प्रत्येक यूएसबी भोकात पेनड्राइव्ह घालून बघा.